आपलाच आहे तो

रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यात
भांडण पेटलं की कोणीतरी ओरडायचं,
गावंडांना बोलवा.
बाबा डबा अर्धा टाकून गेटवर जायचे.
ज्याच्या हातात सळई असेल
त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे,
जाऊ दे रे. आपलाच आहे तो.
एकवीस वर्षांत पोलीस एकदाच आले,
त्या दिवशी बाबा तापाने घरी होते.

मी खारघरला, टेकडीच्या पायथ्याशी,
बिनखिडकीच्या खोलीत पेशी मोजते.
लेझरच्या धारेतून त्या एकेक करून जातात,
पडद्यावर ठिपके होऊन सांडतात.
त्यात एक लहानसा पुंजका असतो, वर, उजवीकडे,
शंभरातल्या पाच-सहा.
मारणाऱ्या नाहीत त्या,
मारायला निघालेल्यांना आवरणाऱ्या.
पुस्तकात त्यांचं नाव नियामक.
मी मनात त्यांना गावंड म्हणते.

हेमांगीच्या रक्तात गावंड कमी पडले.
सव्विसाव्या वर्षी तिच्या पेरापेरांवर
तिचंच सैन्य चालून आलं.
कणीक मळवेना, किल्ली फिरवता येईना.
घणसोलीच्या घरात बरण्यांची झाकणं
आम्ही सैल लावायला शिकलो.
आत कोणी नव्हतं तिला सांगायला,
अरे, आपलीच आहेत ही बोटं.

आणि बाबांच्या मूत्राशयातल्या गाठीचा तुकडा,
नमुन्यावर नाव नसतं, नुसता आकडा असतो,
पण तो आकडा मीच चिकटवला होता,
वरिष्ठांना सांगायला हवं होतं, सांगितलं नाही,
तो तुकडा पडद्यावर उघडला
तेव्हा पुंजका नव्हता. जमाव होता.
दर तिघी-चौघींमागे एक गावंड.
गाठीनेच सांगावे धाडून बोलावलेले
आणि ते आलेले,
बोलावलं की जायचं एवढंच ज्यांना माहीत.
मारेकरी पेशी दारात खोळंबलेल्या, सळया घेऊन,
आणि हे एकेकीच्या खांद्यावर हात ठेवत:
जाऊ दे. आपलाच आहे तो.

खोटंही नव्हतं.
गाठ काही बाहेरून आली नव्हती.

डॉक्टर मुकादमबाईंनी केसपेपरच्या पाठीवर
एक गोल काढला, भोवती बाण.
म्हणाल्या, या आवरणाऱ्यांचा हात जरा बाजूला करू.
पण सुटलेले मग कुठेकुठे जातील
याची हमी मी देत नाही.
बाबांनी चष्मा पुसला.
म्हणजे मधल्या माणसालाच काढायचं?
काढायचं नाही काका, थोडे दिवस रजेवर पाठवायचं.
भरपगारी ना? बाबांनी विचारलं,
आणि सही केली.

तिसऱ्या सलाइननंतर गाठ आकसली, निम्म्याहून थोडी कमी.
चौथ्यानंतर, एका मंगळवारी सकाळी,
कप त्यांच्या हातून निसटला.
बोटं सुजून भेंड्यांसारखी.
त्यांच्याकडे ते बघत राहिले,
नवीन भरतीच्या पोरांकडे बघावं तसे.
कोणाला आवरायचं, कुठे हात ठेवायचा,
हातच तर भांडत होते.

हेमांगी उठली.
पातेल्यात कोमट पाणी, मूठभर मीठ.
बाबांचा पंजा तिने आपल्या वाकड्या पंजात धरून आत बुडवला.
मूठ वळू नका. आधी अंगठा.
आता दहापर्यंत मोजा. नाही, घाई नाही.
नऊ वर्षं ती हे एकटीच मोजत आली होती,
आम्ही शेजारच्या खोलीत असायचो.

सातला बाबा थांबले.
तुला रोज असं? म्हणाले.
ती म्हणाली, आठ.

माझ्या फोनवर त्या आठवड्याचा आकडा आला होता,
दशांश चिन्हासकट.
बरा म्हणायचा की वाईट, मला ठरवता येईना.
मी उठून ओट्यावरच्या बरण्यांची झाकणं
पुन्हा एकदा सैल करत गेले,
पोह्यांची, डाळीची, साखरेची.
लोणच्याची तेवढी माझ्यानेही निघाली नाही.